दोन कोटींची मोटार आणि सांडोरचा रस्ता

वसईच्या पश्चिम पट्ट्यातील सांडोर गावातून जाणारा रस्ता घाईने जाण्यासाठी आखलेला नाही. दोन्ही अंगांना वाड्या, वाड्यांना कुंपणाच्या भिंती, मध्येच वाडीला पाणी पुरवणारे एखादे बावखल, वळणावर क्रूस आणि पुढच्या वळणावर टोपली उतरवून घटकाभर टेकलेली भाजीवाली, अशी त्याची मांडणी आहे. समोरून बस आली की रिक्षाने थांबायचे, रिक्षा आली की सायकलने बाजूला व्हायचे, हा येथला अलिखित वाहतूक-नियम. अशा रस्त्यावर दोन कोटी रुपये किमतीची आणि तीन सेकंदांत ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठणारी मोटार आणावी काय, असा प्रश्न पंचवीस वर्षांपूर्वी कोणी विचारला असता तर ती थट्टा ठरली असती.

आज ती थट्टा राहिलेली नाही. मुंबईची वस्ती खाडी ओलांडून वसईत शिरली आणि ज्या जमिनीचा हिशेब पूर्वी केळीच्या घडांत व विड्याच्या पानांत होत असे तिचा हिशेब चौरस फुटांत होऊ लागला. आजोबांची काही गुंठ्यांची वाडी नातवाच्या हाती एकदम कोट्यवधींची रक्कम होऊन येऊ शकते. बांधकाम, जहाजावरील नोकरी, परदेशी वास्तव्य यांतूनही पैसा आला. ज्याला पूर्वी फार तर मोटारसायकलचे स्वप्न पडे, त्या तरुणाला आज जगातील प्रत्येक वेगवान मोटारीची अश्वशक्ती तोंडपाठ असते. तेव्हा अशी मोटार ‘परवडते’ का, याबरोबरच ती ‘घेण्याजोगी’ आहे का, हा प्रश्न आता केवळ मलबार हिलचा उरलेला नाही. ‘श्रीमंतांचे चोचले’ एवढे म्हणून तो टाळण्यात अर्थ नाही. अर्थशास्त्राला चोचल्यांचेही परीक्षण करावे लागते. कारण त्यांची किंमत पुष्कळदा चोचले करणाराच एकटा देत नाही.

किमतीचा उलगडा

एक प्रत्यक्ष उदाहरण घ्यावे. निसान या जपानी कंपनीची ‘जीटी-आर’ ही मोटार २०१६ च्या डिसेंबरात भारतात विक्रीस आली. तंत्रज्ञानाच्या दृष्टीने ही असामान्य वस्तू होती. ३.८ लिटरचे, दोन टर्बोचार्जर असलेले सहा सिलिंडरांचे इंजिन. सुमारे ५६५ अश्वशक्ती. चारही चाकांना गरजेप्रमाणे शक्ती वाटून देणारी संगणकनियंत्रित यंत्रणा. आणि प्रत्येक इंजिन मोजक्या निष्णात कारागिरांपैकी एकाने स्वतःच्या हाताने जोडून त्यावर आपल्या नावाची पट्टी लावलेली. या मोटारीची ही पिढी २००७ साली सुरू झाली आणि २०२५ च्या ऑगस्टात तोचिगी येथील कारखान्यातून तिची शेवटची गाडी बाहेर पडली. अठरा वर्षांत साऱ्या जगासाठी अशा सुमारे ४८ हजारच गाड्या तयार झाल्या.

भारतात तिची शोरूममधील किंमत होती १ कोटी ९९ लाख रुपये. हीच मोटार अमेरिकेत सुमारे १ लाख १० हजार डॉलरना, म्हणजे त्या वेळच्या विनिमयदराने ७५ लाख रुपयांच्या आसपास मिळत होती. मधल्या सव्वा कोटीच्या अंतराचा मोठा भाग आयातशुल्क आणि त्यावरील करांचा होता. बाकीचा वाहतूक आणि नफ्याचा. चाळीस हजार डॉलरहून महाग, पूर्ण तयार स्थितीत आयात होणाऱ्या मोटारीवर शंभर टक्के मूळ शुल्क लावण्याचे धोरण त्या काळी होते. २०२५ च्या अर्थसंकल्पात या शुल्काची रचना बदलली, मूळ शुल्क ७० टक्क्यांवर आणून त्याच्या जोडीला ४० टक्के कृषी पायाभूत उपकर आला. पण बेरीज पूर्वीप्रमाणे ११० टक्केच राहिली.

याचा सरळ अर्थ असा की भारतीय ग्राहक दोन कोटी रुपये मोजतो तेव्हा तंत्रज्ञानाच्या पदरात त्यातील पाऊण कोटी पडतात. उरलेली रक्कम तो सरकारला, जहाज कंपनीला आणि विक्रेत्याला देतो. कर भरणे हे वाईट नव्हे. परंतु ‘एवढे पैसे उत्तम यंत्रासाठी दिले’ असे समाधान ज्याला हवे असेल त्याने हा उलगडा आधी पाहिलेला बरा. शिवाय या मोटारीची निगा राखण्यासाठी कंपनीने भारतात जे विशेष केंद्र उभारले ते नोएडात. वसईतील मालकाच्या गाडीला काही झाले तर तिचा वैद्य दिल्लीच्या सीमेवर, अशी ही सोय.

शोरूममधील किंमत ही खर्चाची सुरुवात असते. दोन कोटींच्या आयात मोटारीवर महाराष्ट्रात वीस टक्के वाहनकर, म्हणजे ४० लाख रुपये झाले असते. परंतु या कराला कमाल मर्यादा आहे आणि ती २०२५-२६ च्या राज्य अर्थसंकल्पाने २० लाखांवरून ३० लाखांवर नेली. म्हणजे एकूण गुंतवणूक २ कोटी ३० लाख रुपये. हीच रक्कम सात टक्के व्याजाने ठेवली तर वर्षाला १६ लाख १० हजार रुपये मिळतील. अर्थशास्त्रात याला संधित्यागाचा खर्च म्हणतात. तो पावतीवर छापलेला नसतो, म्हणून खोटा ठरत नाही. आयकराच्या नियमात मोटारीसाठी घसाऱ्याचा दर पंधरा टक्के धरतात. त्या हिशेबाने पहिल्याच वर्षी ३० लाख रुपये विरघळतात आणि पाच वर्षांनी दोन कोटींचे पुस्तकी मूल्य नव्वद लाखांच्याही खाली येते. व्याज आणि घसारा मिळून पहिल्या वर्षीचा खर्च ४६ लाख. त्यात विमा, पेट्रोल, टायर, दुरुस्ती काहीच धरलेले नाही. अशी मोटार वर्षाकाठी तीन हजार किलोमीटर चालवली असे गृहीत धरले, तर प्रत्येक किलोमीटरला दीड हजार रुपये पडतात. सांडोरहून वसई रोड स्टेशनला जाऊन येण्यास काय पडेल, याचा गुणाकार वाचकाने स्वतः करावा.

वेग वापरायचा कोठे?

या खर्चाच्या मोबदल्यात ग्राहकाला मिळते ती मुख्यतः एकच वस्तू: वेगाची क्षमता. क्षमता आणि उपभोग यांत फरक असतो. विहिरीत पाणी आहे, पण पोहरा बुडवण्यास मनाई आहे, अशी ही अवस्था. तीनशे किलोमीटरच्या पुढे जाऊ शकणाऱ्या मोटारीला महाराष्ट्रातील सर्वांत मोकळ्या अशा समृद्धी महामार्गावरही कायद्याने १२० किलोमीटरचीच परवानगी आहे. हा ७०१ किलोमीटरचा मार्ग २०२५ च्या जूनमध्ये पूर्णपणे खुला झाला. त्यावर दहा-बारा लाखांची साधी मोटारही ती मर्यादा आरामात गाठते. म्हणजे १२० च्या वरच्या प्रत्येक किलोमीटरसाठी मोजलेले पैसे कायदा पाळणाऱ्या माणसाच्या दृष्टीने बुडीत आहेत, आणि ते वसूल करायचे तर कायदा मोडावा लागतो. वेगासाठीच बांधलेल्या ज्या प्रस्थापित शर्यतमार्गांवर हा वेग कोणालाही धोका न देता वापरता येतो, ते ग्रेटर नोएडा, कोइमतूर किंवा चेन्नईजवळ आहेत.

वसईत तर कायद्याआधी जमीनच आडवी येते. या मोटारींचे पोट जमिनीपासून दहा-अकरा सेंटीमीटरच वर असते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणानुसार नीट बांधलेल्या गतिरोधकाची उंचीच दहा सेंटीमीटर आहे. गल्लीतील हौसेने घातलेले गतिरोधक प्रमाण पाळतात असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. पावसाळ्याची गोष्ट वेगळीच. २०१८ च्या जुलैत वसई-विरार परिसर पाण्याखाली गेला, नालासोपाऱ्यात रूळ बुडून लोकल गाड्या बंद पडल्या, तेव्हा ट्रॅक्टर आणि होड्या कामाला आल्या. अश्वशक्तीला कोणी विचारले नाही.

वेग म्हणजे खरोखर काय, याचे याहून चांगले उदाहरण वसईकरांच्या डोळ्यांसमोर आहे. वसईहून भाईंदरला रस्त्याने जायचे तर सुमारे ३८ किलोमीटरचा वळसा पडतो. महामार्गावरील कोंडी त्यात वेगळी. २०२४ च्या फेब्रुवारीत वसई किल्ल्याच्या धक्क्यावरून रो-रो बोट सुरू झाली आणि तेच अंतर पाण्यावरून साडेतीन किलोमीटरवर आले. बोट पाऊण तास वाचवते, आणि तो वेळ दुचाकीवाल्याचा वाचतो तसाच मोटारवाल्याचाही. ही बोट ताशी किती मैलांनी जाते याची चौकशी कोणी करत नाही. वळशाने जाणाऱ्या जीटी-आरला ती सहज मागे टाकते. प्रवासाचा वेळ कमी होतो तो बहुतेक वेळा सार्वजनिक गुंतवणुकीने. मार्ग सुधारल्याखेरीज वाहनाचा वेग वांझ राहतो. मोटार-वाहतुकीचा शास्त्रशुद्ध अभ्यास मराठी मुलखात सुरू झाला तोही या भूमिकेतून. धनंजयराव गाडगीळ आणि गोगटे यांनी १९३५ साली गोखले संस्थेतर्फे मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांच्या मोटार-बस वाहतुकीची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांच्या विचारार्थ होती ती सर्वसामान्य उतारूंची बस.

तंत्रज्ञान वाचवते कोणाला?

यावर एक उत्तर हमखास येते. ही मोटार नुसती वेगवान नाही, ती अत्याधुनिक आहे. तिचे ब्रेक, तिचे संगणक, तिच्या हवापिशव्या तिला इतर कोणत्याही गाडीहून सुरक्षित करतात. हे उत्तर अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे असल्यामुळेच धोक्याचे आहे.

शिकागोचे अर्थशास्त्रज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी १९७५ साली असा सिद्धांत मांडला की मोटार अधिक सुरक्षित केली की चालक अधिक धोका पत्करू लागतो आणि धोक्याचा काही भाग आतल्या माणसाकडून बाहेरच्या पादचाऱ्याकडे सरकतो. त्यांच्या निष्कर्षांवर पुष्कळ वाद झाला आणि सुरक्षासाधनांनी असंख्य प्राण वाचवले हेही निर्विवाद आहे. परंतु त्यांच्या प्रश्नाचा रोख अचूक होता: सुरक्षितता कोणाची? भारतात २०२२ साली रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मरण पावली. त्यांत सुमारे ४५ टक्के दुचाकीवरची आणि साडेएकोणीस टक्के पायी चालणारी होती. एकूण मृत्यूंपैकी ७१ टक्के मृत्यूंचे कारण म्हणून सरकारी अहवालाने अतिवेगाची नोंद केली आहे. हवापिशवी ना दुचाकीला असते, ना पायी चालणाऱ्याला.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात नेमके हेच घडले. पोर्शे कंपनीच्या ‘टायकान’ या विजेवर चालणाऱ्या, अत्यंत प्रगत मोटारीने एका मोटारसायकलला धडक दिली आणि तिच्यावरील दोन तरुण अभियंते जागीच गेले. मोटार चालवीत होता सतरा वर्षांचा मुलगा. प्रकरणातील दोषादोष ठरवणे हे न्यायालयाचे काम. परंतु दोन गोष्टी अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने टिपून ठेवाव्या अशा आहेत. पहिली, मोटारीतील तंत्रज्ञानाने आपले काम चोख केले: आतली माणसे वाचली. दुसरी, कोटीच्या घरातील किमतीच्या या मोटारीची कायम नोंदणी अडली होती ती १ हजार ७५८ रुपयांचे शुल्क न भरल्यामुळे. वीज-वाहन म्हणून तिला वाहनकर माफ होता. एवढी किरकोळ रक्कम तेवढी देणे होते. समाजाने रस्ता दिला, करमाफी दिली, आणि बदल्यात नियमपालनाची जी किमान अपेक्षा ठेवली तीही पुरी झाली नाही.

पालघर जिल्ह्यालाही याच्या उलट बाजूचा धडा मिळालेला आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला. ती स्पोर्ट्स मोटार नव्हती, पण सुरक्षिततेसाठी जगभर नावाजलेल्या कंपनीची होती. पुलापाशी तीन पदरी रस्ता दोन पदरी होत होता, आणि मागच्या आसनावरील ज्या दोघांचा मृत्यू झाला त्यांनी पट्टे बांधलेले नव्हते. रस्त्याची आखणी आणि माणसाची सवय या दोन्ही गोष्टी मोटारीच्या किमतीत येत नाहीत. त्या वेगळ्या मिळवाव्या लागतात, आणि त्यांतली पहिली तर एकट्याने मिळवताच येत नाही.

प्रतिष्ठेची शर्यत

मग दोन कोटींची मोटार घेणारा नेमके काय घेतो? थॉर्स्टाइन व्हेब्लेन याने १८९९ साली आपल्या ‘थिअरी ऑफ द लीझर क्लास’ या ग्रंथात याचे उत्तर देऊन ठेवले आहे. काही वस्तूंची मागणी त्या उपयोगी असल्यामुळे होत नाही. त्या महाग आहेत आणि ते महाग असणे इतरांना दिसते, म्हणून होते. पुढे १९७६ साली फ्रेड हर्श याने दाखवले की अशा वस्तूंचे सुख स्थानावर अवलंबून असते. गावात एकच लाल मोटार असेल तर तिला किंमत. दुसरी आली की पहिलीचे तेज अर्धे होते, आणि तिसरी आली की पहिल्याला आणखी महाग चौथी घ्यावी लागते. सगळे टाचा उंचावून उभे राहिले तर कोणालाच अधिक दिसत नाही, पाय मात्र सर्वांचे दुखतात.

या प्रतिष्ठेची किंमत कोणी द्यावी यावरून महाराष्ट्रात एक गाजलेला वाद झालेला आहे. सचिन तेंडुलकरने २००२ साली ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली म्हणून फियाट कंपनीने त्याला फेरारी ३६० मोडेना ही मोटार भेट दिली. मायकेल शूमाकरच्या हस्ते ती त्याला मिळाली. तिच्यावरील सुमारे १ कोटी १३ लाखांचे आयातशुल्क केंद्र सरकारने माफ केले आणि देशभर गदारोळ उठला. प्रश्न दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेला आणि अखेर शुल्क कंपनीने भरले. तेंडुलकरवर निस्सीम प्रेम करणाऱ्या सामान्य माणसालाही त्या वेळी एक गोष्ट चटकन समजली होती: मोटार भेट देणे हा देणाऱ्याचा आनंद, पण तिच्यावरील कर हा सर्वांच्या तिजोरीतला पैसा. ती मोटार पुढे २०११ साली सुरतेच्या एका व्यापाऱ्याकडे गेली. जगातील सर्वांत लाडक्या फलंदाजाच्या दारातही ती नऊ वर्षेच राहिली, हे ध्यानात घेतले म्हणजे अशा वस्तूंच्या मोहाचे आयुष्य कळते.

विरुद्ध बाजूचे म्हणणे

या मोटारींच्या बाजूने जे बोलले जाते तेही न्यायाने ऐकले पाहिजे. पहिला मुद्दा असा की महागड्या आणि शर्यतीच्या मोटारी या तंत्रज्ञानाच्या प्रयोगशाळा असतात. हे ऐतिहासिक सत्य आहे. डिस्क ब्रेकची महती जगाला पटली ती १९५३ साली जग्वारने ल मान्सची शर्यत जिंकली तेव्हा. चाके अडकू न देणारी ब्रेक-यंत्रणा १९७८ साली मर्सिडीजच्या सर्वांत महाग मोटारीत आली आणि २०१९ पासून भारतातील प्रत्येक नव्या मोटारीत ती सक्तीची झाली. श्रीमंताने चाळीस वर्षांपूर्वी हौसेने विकत घेतलेली सुरक्षा आज मध्यमवर्गीयाला कायद्याने मिळते, हा त्या हौसेचा उपकार मानलाच पाहिजे. मात्र ज्या देशात ही संशोधने होतात त्या देशातील ग्राहकाला हा युक्तिवाद शोभतो. आपला ग्राहक दोन कोटींतील मोठा हिस्सा शुल्कापोटी देतो. आणि पूर्ण तयार मोटार आयात होते तेव्हा रोजगारही बव्हंशी परदेशातच राहतो. चाकणच्या कारखान्यात जोडल्या जाणाऱ्या मोटारीने येथल्या कामगाराला जे मिळते, ते जहाजातून उतरलेल्या मोटारीने मिळत नाही.

दुसरा मुद्दा व्यक्तिस्वातंत्र्याचा. स्वतःच्या कष्टाचा पैसा कोणी कसा खर्च करावा हे सांगणारे इतर कोण? लग्नात लाखो रुपये उधळणाऱ्या समाजाने मोटारीवर नाक मुरडावे हे ढोंग नव्हे काय? या म्हणण्यात तथ्य आहे. उत्तम यंत्र चालवण्याचा आनंद हा उत्तम सतार ऐकण्याच्या आनंदासारखाच खरा आनंद आहे, आणि अर्थशास्त्राला त्याची हेटाळणी करण्याचा अधिकार नाही. पण सतारीच्या तारेने शेजारी जखमी होत नाही. जो उपभोग सार्वजनिक रस्त्यावर करावा लागतो, ज्याचा धोका न विचारता तिसऱ्याच्या अंगावर पडतो, त्याला निव्वळ खाजगी उपभोग म्हणता येणार नाही. शर्यतमार्गावर जाऊन मोटार पळवणाऱ्याशी या लेखाचे भांडण नाही.

सरकारचा उलटा तराजू

अशा वस्तूंवर सरकारचा कर तरी त्यांच्या सामाजिक खर्चाच्या प्रमाणात असावा, अशी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. प्रत्यक्षात तराजू काही ठिकाणी उलटा धरलेला दिसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या पेट्रोल मोटारींवर ४० टक्के वस्तू-सेवाकर आहे. पूर्वी उपकर धरून तो ४५ ते ५० टक्के पडत असे. विजेच्या मोटारीवर मात्र ५ टक्केच, मग ती दहा लाखांची असो वा तीन कोटींची. ज्या साध्या मोटारसायकलवरून सांडोरचा कामगार स्टेशन गाठतो तिच्यावर १८ टक्के, आणि वर राज्याचा दहा-बारा टक्के वाहनकर. तीस लाखांहून महाग विजेच्या मोटारींवर सहा टक्के वाहनकर लावण्याचा प्रस्ताव राज्य सरकारने २०२५ च्या मार्चमध्ये मांडला आणि त्याच महिन्यात मागे घेतला. प्रदूषण कमी करणाऱ्या वाहनास उत्तेजन देणे सर्वथा योग्य. पण ते उत्तेजन बसला, रिक्षाला, स्वस्त मोटारीला हवे. तीन कोटींच्या मोटारीच्या ग्राहकाला निर्णय घेण्यासाठी सहा टक्क्यांच्या सवलतीची गरज असते असे कोण म्हणेल?

वाहनकराच्या कमाल मर्यादेचेही तेच. सहा कोटींच्या आयात मोटारीला तीस लाखांची मर्यादा लागली की कर पाच टक्क्यांवर येतो. पंधरा लाखांची पेट्रोल मोटार घेणारा शिक्षक किंवा दुकानदार बारा टक्के देतो. मर्यादा नसेल तर मालक शेजारच्या कमी कराच्या प्रदेशात नोंदणी करतात, हे सरकारचे उत्तर व्यवहार्य खरे. पण त्यावर औषध राज्याराज्यांतील करांचा मेळ हे आहे, श्रीमंताला सूट हे नव्हे. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी सही झालेल्या व्यापार कराराने ठरावीक संख्येपर्यंतच्या मोटारींवरील शुल्क टप्प्याटप्प्याने दहा टक्क्यांवर आणण्याचे मान्य केले आहे. म्हणजे आज ज्या मोटारी दोन कोटींच्या आहेत त्यांतील काही पुढे स्वस्त होतील आणि सांडोरमधला प्रश्न अधिक घरांत विचारला जाईल. रस्ता मात्र तेवढाच राहील.

भांडवल आणि उपभोग

या साऱ्या हिशेबात सांडोरच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची नोंद शेवटी येते. दोन कोटी रुपये कोठून आले? उद्योगाच्या वाढत्या उत्पन्नातून आले असतील आणि कुटुंबाची, मुलांच्या शिक्षणाची, आजारपणाची तरतूद होऊन शिल्लक उरली असेल, तर मोटार ही महागडी पण सोसण्याजोगी हौस ठरते. परंतु ते वाडी विकून आले असतील तर गोष्ट निराळी. वाडी हे भांडवल आहे. तिच्यातून दरवर्षी केळी निघतात, पाने निघतात, फुले निघतात. पहाटेच्या लोकलने ती दादरच्या बाजारात जातात आणि त्यांवर चार घरे चालतात. तिची विहीर आणि बावखल पावसाचे पाणी जिरवतात, म्हणून शेजारची विहीर गोड राहते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या हरित वसईच्या चळवळीने हेच तर सांगितले होते: येथली जमीन आणि पाणी ही साऱ्या गावाची शिदोरी आहे. अशी जमीन देऊन मोटार घेणे म्हणजे वाढणारी वस्तू देऊन झिजणारी घेणे. पहिल्या वर्षी तीस लाखांनी झिजणारी मोटार पंधरा वर्षांनी भंगाराच्या भावात येते. विकलेली वाडी पंधरा वर्षांनी परत घेऊ म्हटले तर तिचा भाव विचारण्याचेही धैर्य होत नाही.

तेव्हा ‘घ्यावी काय?’ या प्रश्नाचे उत्तर तीन अटींवर अवलंबून आहे. पैसा चालू उत्पन्नातील शिल्लक असावा, विकलेल्या भांडवलाचा नसावा. वेग शर्यतमार्गावर वापरण्याची तयारी असावी, शेजाऱ्याच्या दारातून नव्हे. आणि कर पुरता भरावा, सवलतीच्या फटीतून निसटू नये. या तिन्ही अटी पाळू शकणारा माणूस विरळा. त्याने मोटार जरूर घ्यावी आणि तिचा आनंद लुटावा. बाकीच्यांसाठी ही खरेदी तोट्याची आहे. आणि त्या तोट्यातला काही भाग रस्त्यावरून पायी जाणाऱ्याच्या खात्यावर पडतो, हे तिचे मोठे वैगुण्य.

सांडोरच्या वळणावर टोपली उतरवून बसलेल्या बाईला या मोटारीची अश्वशक्ती ठाऊक नाही आणि ठाऊक करून घेण्याची तिला गरजही नाही. टोपली पुन्हा डोक्यावर घेऊन रस्ता ओलांडताना मागून येणारे वाहन थांबेल, एवढी खात्री तिला हवी आहे. ती खात्री देण्यासाठी दोन कोटी रुपये लागत नाहीत.